हललेला फोटो

आमच्या घरी फोटो 'काढला' असं कोणी म्हणत नसे. फोटो 'खर्चला' म्हणत. अण्णांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्यात 120 चा रोल बसायचा आणि त्यात फोटो फक्त बारा. कॅमेऱ्याच्या पाठीवर एक बारकी लाल काच होती, तिच्यातून पुढचा आकडा दिसायचा. तो आकडा बघून अण्णा घरातल्यांकडे अशा नजरेने बघत, की पोरांनी आपसूक सरळ उभं राहावं. अण्णा जुन्या गिरणीत साचेखात्यात होते. ही 1877 साली सुरू झालेली, सोलापुरातली पहिली कापडगिरणी. भोंग्यावर उठणाऱ्या, भोंग्यावर जेवणाऱ्या माणसाला बारा हा आकडा कसा पुरवायचा ते नीट कळत असणार.

डिसेंबर 1973 मध्ये घातलेला एक रोल गड्ड्याच्या जत्रेपर्यंत पुरला. त्यातले नऊ फोटो आज काळ्या पानांच्या अल्बममध्ये आहेत. उरलेल्या तिनांपैकी दोन काळे आले. एक आत्याने सासरी नेला आणि तिथे उंदरांनी खाल्ला. फोटो बघताना घरात कोणी ना कोणी जवळ बसून बोलत असे, म्हणून मला ते कधी नुसते दिसलेच नाहीत, कायम ऐकू आले. बोलणारी बहुतेक वेळा आजी. "काय बघलालीस गं?" म्हणत ती चष्मा पुसायची आणि माझ्या हातातून अल्बम काढून घ्यायची. मग पुढचा तासभर माझा नसायचा.

तिसरा फोटो वेळ अमावस्येचा, आमच्याकडच्या बोलीत येळवशीचा. मार्गशीर्षातली ही अमावस्या सोलापूर, धाराशिव, लातूरकडे आणि पलीकडे कर्नाटकात शेतात साजरी होते. 'येळ' म्हणजे कानडीत सात, त्यावरून हे नाव पडलं असं म्हणतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत पाच दगड चुन्याने रंगवून मांडायचे, त्यांची पूजा करायची, आंबील शेतभर शिंपडायची आणि मग पंगत. भज्जी नावाचा जो प्रकार होतो त्याला भजी समजू नये. तो हरभऱ्याचा पाला, वाल, तूर, वाटाणा, शेतात हिरवं जे मिळेल ते बेसनात एकजीव शिजवलेला असतो. बाजरीचे उंडे बुडवून खायचा. हे लिहितानाही मला पाणी सुटलं.

त्या वर्षी फोटो काढायला कारण होतं. 1972 चा दुष्काळ नुकताच सरला होता. आजीच्या माहेरची माणसं खडी फोडायला गेली होती, रेशनवरची लाल मिलो खाऊन दिवस काढले होते. त्यातले चार जण आमच्या दोन खोल्यांत आठ महिने राहिले. नंतर पाऊस लागला, शाळू छातीएवढा झाला आणि आजीचा भाऊ म्हणाला, "दाजी, यंदा माणसांचं सोडा, पिकाचा फोटो काढा." अण्णांनी पिकासाठी फोटो खर्चायला नकार दिला. मग तडजोड झाली. माणसं पुढे, शाळू बाजूला आणि मागे उघडा माळ.

नान्नजकडचं ते शेत, सोलापूर-बार्शी रस्त्याला लागून. फोटोत अकरा माणसं आहेत. आजी डोक्यावर पदर घेऊन, तिचे भाऊ टोप्या घालून, सगळे कॅमेऱ्याकडे असे बघताहेत जणू तो पोलीसच. एकटी आत्या सोडून. आठ वर्षांच्या आत्याची मान वळलेली आहे आणि चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरट फराटा आहे. तो कॅमेरा ऊन आणि ढग एवढंच ओळखायचा. झडप सावकाश पडायची, माणूस हलला की पुसला. "हललीस आणि फोटो घालवलास," हे वाक्य आत्याने पुढची तीसेक वर्षं प्रत्येक दिवाळीला ऐकलं.

आत्याच्या डोक्यामागे, दूर, माळावर एक ठिपका आहे.

अण्णा म्हणत तो माळढोक. आजी म्हणायची, बाभळीचं खोड. तिचे भाऊ म्हणत, शेजाऱ्याची शेळी. आजोबा मंडळींमध्ये ह्यावरून खरीखुरी भांडणं झाली आहेत. माझ्या मते अण्णांची बाजू पुराव्यात लंगडी होती. दीड-दोनशे पावलांवरचा पक्षी त्या भिंगात ठिपक्याहून मोठा येणं शक्यच नव्हतं. पण ते ज्या तपशिलाने सांगत त्यापुढे शेळी टिकत नसे. मीटरभर उंच, मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी, चाल सरपंचाची. नर विणीच्या हंगामात गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, तो आवाज लांबवर जातो, म्हणून ह्याला हूमही म्हणतात. नर दहा-पंधरा किलोचा. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. नाकतोडे, किडे, बोरं, भुईमुगाच्या शेंगा, सगळं खातो. गवत, काटेरी झुडपं आणि मधेमधे शेतं, असा आमचा माळ त्याला मानवला होता.

ह्याच भागात सोलापूरचे शिक्षक बी. एस. कुलकर्णी माळढोकाच्या मागे लागले होते. त्यांनी बघितलेल्या, नोंदवलेल्या पक्ष्यांमुळे नान्नजचं नाव अभ्यासकांपर्यंत गेलं आणि 1979 साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं. कागदावर ते 8,496 चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं. घराला खोली जोडायची तरी परवानगीची कटकट, म्हणून लोक पक्ष्यावरच चिडले. पुढे ते क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर माळाला 'पडीक' समजून झाडं लावणंही झालं होतं. गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या राहिल्या. माळढोकाला झाड नको असतं, लांबवर दिसणारं गवत हवं असतं. गवताळ माळ हीसुद्धा एक जागा आहे, रिकामी जागा नाही, हे आम्हाला शाळेत कोणी शिकवलं नाही. वर विजेच्या तारा आल्या. जड अंगाच्या ह्या पक्ष्याला समोरचं कमी दिसतं, तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आता नान्नजला एखादा दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते.

रोलमधले शेवटचे चार फोटो गड्ड्याचे. गड्डा म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा. तिच्यात भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं. त्या लग्नाची ही आठवण आहे. योगदंडाच्या जागी नंदीध्वज येतात, सोलापूरकर त्यांना काठ्या म्हणतात. पांढऱ्या बाराबंदीतले लोक त्या तोलत नेतात. अण्णांच्या दोन फोटोंत सातही काठ्या आहेत आणि शेंडा एकीचाही नाही. एवढी उंच वस्तू चौकोनी फोटोत मावत नाही आणि मागे सरकायला गर्दी जागा देत नाही.

तिसऱ्या फोटोत होम मैदानावर वासराची भाकणूक ऐकायला जमलेली माणसं आहेत. वासरू काय करतं त्यावरून वर्षाचा पाऊस ठरतो. चौथा अण्णांनी काढलेलाच नाही. जत्रेतल्या फोटोवाल्याला कॅमेरा देऊन काढून घेतलेला. पडद्यावर रंगवलेला ताजमहाल, पुढे अण्णा आणि आजी. "मी आग्र्याला जाऊन आले," आजी सांगायची, "रुपया दिला आणि परत पायी घरी." तिचा खरा प्रवास पंढरपूरपर्यंतचा. कुर्डुवाडीला उतरून अडीच फुटी रुळांच्या बार्शी लाईट रेल्वेत बसायचं. ती गाडी 1906 साली पंढरपूरला पोचली आणि शंभरेक वर्षांनी रुंद रुळांखाली गेली. चढावर लोक उतरून चालत आणि पुन्हा चढत, असं आजी सांगे. ह्या गाडीचा घरात एकही फोटो नाही.

आणखी एका गड्ड्याचा फोटो नाही. तेव्हा अण्णा आठ-नऊ वर्षांचे होते. मे 1930 मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागला आणि गांधीटोपी घालणं गुन्हा झाला. पणजोबांनी आपली टोपी ज्वारीच्या कणगीत पुरली. 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन ह्या चौघांना येरवड्याला फाशी दिलं. गड्डा अगदी तोंडावर होता. आमच्या घरात त्या संक्रांतीला तीळ भाजले नाहीत, इतकंच अण्णा सांगत. कणगीतून ज्वारी काढताना ती टोपी वर आली की पणजी पुन्हा खाली दाबत असे, हे मात्र ते हातवारे करून दाखवत.

अण्णा गेले, मग आजी. अल्बम माझ्याकडे आला. गेल्या वर्षी भाच्याने सगळे फोटो फोनमध्ये घेतले आणि कसल्याशा अ‍ॅपमधून तिसरा फोटो 'स्पष्ट' केला. ठिपक्याला चोच फुटली. एक पाय आला. आत्याच्या फराट्यावर डोळे, नाक आणि हसू उगवलं, ते आमच्या घराण्यात कोणाचंच नव्हतं. मी त्याला ते पुसायला लावलं.

मग आत्याला घेऊन आम्ही नान्नजला गेलो. चार काळविटं दिसली, चंडोल दिसले, एक खोकड पळालं. भाच्याने दोनशे फोटो काढले. परत येताना गाडीत मी आत्याला जुना फोटो दाखवला. तोवर कोणी विचारलं नव्हतं ते विचारलं. हललीस ती कशामुळे? तू तिकडे काय बघत होतीस?

"मी आधी अण्णांकडेच बघलाल्ते," आत्या म्हणाली. "पण त्यांचे डोळे कॅमेऱ्यात नव्हते. आमच्या डोक्यावरून लांब कुठंतरी. बोट बटणावर, आणि तोंड असं उघडं. म्हणून मी वळले."

"मग?"

"चाललं होतं ते. सावकाश. त्याला काही घाई नव्हती."

तिने फोटो परत माझ्या हातात दिला आणि काचेतून बाहेर बघू लागली.