कापसाची तार आणि शेवटचा मैल

मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या लोहमार्गाचे उद्घाटन केले. खामगाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते; १९०५ साली ते बुलढाणा जिल्ह्यात गेले. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर (१८६१-६५) वऱ्हाडच्या कापसाला इंग्लंडच्या गिरण्यांत मोठे महत्त्व आले होते. कापसासाठी आगगाडी आली आणि आगगाडीबरोबर तारायंत्रही आले. त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने इंग्लंडशी जोडली गेली. पूर्वी आगबोटीने आठवडे घेणारी बाजारभावाची बातमी आता फार लवकर येऊ लागली.

खामगावच्या ईशान्येस सातपुड्यात मेळघाट आहे. तेथे कापसाची मोठी पेठ नव्हती, त्यामुळे तार नेण्याचे तसे कारणही कोणाला नव्हते. तार कोठे आधी पोचते, हे बाजार ठरवतो. वऱ्हाडातील इंटरनेटचा इतिहास समजून घेताना आपण हे सूत्र ध्यानात ठेवू या.

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. आरंभ मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत झाला. संगणक मोडेमला आणि मोडेम दूरध्वनीच्या तारेला जोडायचा, मग क्रमांक फिरवायचा, अशी ती रीत होती. सेवाकेंद्र दुसऱ्या शहरात असेल तर जोडणी चालू असेपर्यंत एसटीडीचे पैसे मोजावे लागत. म्हणजे जो शहरापासून दूर, त्याला तेच इंटरनेट महाग पडे. पुढे १७२ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांमुळे स्थानिक दरात जोडणी मिळू लागली आणि तालुक्याच्या गावांना थोडा दिलासा मिळाला.

पण वेगाचे काय? दूरध्वनी माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला. सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील आवाज तो पुढे पाठवतो. मोडेम संगणकाची माहिती याच पट्ट्यातील आवाजात बदलतो; जोडणी होताना ऐकू येणारी ती चिरचिर म्हणजे दोन मोडेमांची ओळखपाळखच! रस्ता असा अरुंद असल्यामुळे डायल-अपचा वेग सेकंदाला ५६ हजार बिटांपुढे गेला नाही, आणि खरखरणाऱ्या तारेवर तेवढाही मिळत नसे.

फळ्यावर एक गणित मांडू. एका मेगाबाइटमध्ये सुमारे ८० लाख बिट असतात. सेकंदाला ९,६०० बिट या वेगाने ते यायला जवळजवळ १४ मिनिटे लागतात. ५६ हजारच्या वेगाने सुमारे अडीच मिनिटे, २ लाख ५६ हजारच्या वेगाने ३१ सेकंद आणि २० लाखांच्या वेगाने अवघे ४ सेकंद. यांतील शेवटच्या दोन आकड्यांना सरकारी महत्त्व आहे. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची किमान मर्यादा २५६ किलोबिट ठरली. २०२३ साली ती २ मेगाबिट झाली.

बीएसएनएलचे ब्रॉडबँड २००५ साली आले, तेही त्याच तांब्याच्या तारेवरून. युक्ती अशी की, बोलण्याच्या पट्ट्याच्या वरच्या, सुमारे ११ लाख हर्ट्झपर्यंतच्या लहरी वापरायच्या. मात्र येथे अंतर आडवे येते. दूरवरून येणाऱ्या वरातीतला ढोल आपल्याला ऐकू येतो, पण झांजांची किणकिण वाटेतच विरते. तांब्याच्या तारेतही उच्च कंप्रतेच्या लहरी लवकर क्षीण होतात. दूरध्वनी केंद्रापासून साधारण पाच किलोमीटरपलीकडे हे ब्रॉडबँड नीट चालत नाही. शहरातील बहुतेक घरे या मर्यादेत येतात. विखुरलेल्या वाड्या-पाड्या येत नाहीत. त्यामुळे तार असूनही गाव मागे राहिले.

यावर दोन उपाय पुढे आले. पहिला काचतंतूचा. त्यातून प्रकाश जातो आणि अंतराने फारसे बिघडत नाही. ग्रामपंचायती अशा तंतूने जोडण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०११ साली मंजुरी दिली. तीच पुढची ‘भारतनेट’. दुसरा उपाय बिनतारी. मेळघाटातील धारणी तालुक्यातले हरिसाल राज्य शासन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २०१६ साली ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आणले. तेथे दूरचित्रवाणीच्या रिकाम्या पट्ट्यांतील लहरी वापरण्यात आल्या. या लहरींची लांबी जास्त असल्याने झाडी आणि चढउतार यांतून त्या वायफायच्या लहरींपेक्षा दूर जातात.

तरीही काचतंतू ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत आला म्हणजे शाळेच्या वर्गापर्यंत आला असे नव्हे. २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा हा शेवटचा मैल किती लांब आहे ते ज्यांच्या घरी रेंज नव्हती त्या मुलांना कळले. २०२५ साली अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. अकोल्याच्या मुलीला आणि धारणीच्या मुलीला तोच अर्ज, त्याच मुदतीत भरायचा असतो. १८७० मध्ये संथ जोडणीने व्यापाऱ्याचा भाव चुकत असे. आज विद्यार्थ्याचे वर्ष पणाला लागते.

म्हणून शिक्षकमित्रांना एक उपक्रम सुचवावासा वाटतो. मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्यावा. जवळचे दूरध्वनी केंद्र, मोबाइलचा मनोरा, ग्रामपंचायत आणि शाळा त्यात दाखवून अंतरे मोजावीत. मग एक मेगाबाइटची फाइल शाळेत आणि ग्रामपंचायतीत किती सेकंदांत येते ते घड्याळ लावून पाहावे. शेवटचा मैल नेमका कोठे अडला आहे, हे त्या कागदावर दिसेल. आणि तो कागद ग्रामसभेतही मांडता येईल.