बोटीने येणारे आश्रयार्थी आणि ऑस्ट्रेलियाचे धोरण

छळाच्या भीतीने देश सोडून दुसऱ्या देशाकडे संरक्षण मागणाऱ्याला आश्रयार्थी म्हणतात. त्याची मागणी तपासून मान्य झाली की तो निर्वासित ठरतो. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित कराराचे कलम ३१ सांगते की, जिवाच्या भीतीने थेट आलेल्या आणि विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर झालेल्या निर्वासिताला बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करता येत नाही. ऑस्ट्रेलियाने हा करार १९५४ मध्ये स्वीकारला.

धोरण कसे बदलत गेले?

१९७६ मध्ये व्हिएतनामी निर्वासितांची पहिली बोट डार्विनला पोहोचली. तेव्हा अशा लोकांना देशात वसू दिले गेले. १९९२ मध्ये मजूर पक्षाच्या पॉल कीटिंग सरकारने बोटीने येणाऱ्यांना सक्तीने स्थानबद्ध करण्याचा कायदा केला. त्या काळी आलेल्यांत कंबोडियाचे लोक बरेच होते.

ऑगस्ट २००१ मध्ये 'टँपा' या नॉर्वेच्या जहाजाने बुडत्या बोटीतून ४३३ जणांना वाचवले. त्यांपैकी बहुतेक अफगाणिस्तानातले हजारा होते. जॉन हॉवर्ड सरकारने त्यांना ऑस्ट्रेलियात उतरू दिले नाही. यानंतर नाउरू आणि पापुआ न्यू गिनीतील मानुस बेटावर छावण्या उभ्या राहिल्या. २००८ मध्ये बंद झालेले हे धोरण २०१२ मध्ये परत आले. १९ जुलै २०१३ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी जाहीर केले की, बोटीने आलेल्या कोणालाही ऑस्ट्रेलियात वसवले जाणार नाही. त्याच वर्षी सत्तेवर आलेल्या टोनी ॲबट सरकारने बोटी समुद्रातूनच माघारी पाठवायला सुरुवात केली.

दोन्ही बाजू

सरकारचे म्हणणे असे की, कडक धोरणामुळे माणसांची तस्करी थांबते आणि समुद्रातले मृत्यू टळतात. हा मुद्दा पोकळ नाही. ऑक्टोबर २००१ मध्ये एकाच बोटीवरचे ३५३ जण बुडाले होते. पण व्हिसा घेऊन विमानाने आलेला माणूस आश्रयाचा अर्ज करून देशात राहू शकतो आणि तेच दुःख घेऊन बोटीने आलेला बेटावर जातो. म्हणजे शिक्षा येण्याच्या मार्गाला मिळते.

न्यायालयांनीही हस्तक्षेप केला. २०१६ मध्ये पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने मानुसवरील स्थानबद्धता बेकायदा ठरवली. ज्यांना परत पाठवणे शक्यच नाही, त्यांना अनिश्चित काळ डांबून ठेवता येणार नाही, असे ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले.

आपला संबंध काय?

या बोटींमध्ये श्रीलंकेतले तमिळ आणि म्यानमारमधले रोहिंग्याही होते. हे दोन्ही देश बौद्धबहुल आहेत. करुणेची भाषा बोलणाऱ्या आपण ही अडचणीची गोष्ट टाळू नये.

दुसरीकडे, बौद्ध चकमा स्वतः निर्वासित म्हणून १९६४ मध्ये पूर्व पाकिस्तानातून भारतात आले. भारताने १९५१ चा करार स्वीकारलेला नाही. तरीही १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, संविधानाचे कलम २१ प्रत्येक व्यक्तीला लागू होते, मग ती नागरिक असो वा नसो. चकमांसाठी आपण ज्या कलमाचा आधार घेतो, तोच न्याय रोहिंग्या आणि तमिळांनाही लावायला हवा.