उष्णतासह रंग (ट्रॅक्टर मॅनिफोल्ड)

उष्णतासह रंग म्हणजे इंजिन, भट्टी, धुराडे अशा वारंवार तापणाऱ्या धातूच्या पृष्ठभागावर टिकून राहावा यासाठी बनवलेला रंगलेप होय. बाजारात त्याला 'उष्णतारोधक रंग' किंवा 'हीट रेझिस्टंट पेंट' असेही म्हणतात. हा रंग उष्णता अडवत नाही, ती केवळ सहन करतो. त्यामुळे 'उष्णतासह' ही संज्ञा अधिक नेमकी ठरते. जुन्या ट्रॅक्टरच्या पुनरुज्जीवनात त्याचा मुख्य उपयोग एक्झॉस्ट मॅनिफोल्ड व सायलेन्सर या भागांसाठी होतो.

मॅनिफोल्ड आणि त्याचे तापमान

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून बाहेर पडणारे जळालेले वायू एकत्र करून सायलेन्सरकडे नेणारा फाटेदार भाग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. जुन्या ट्रॅक्टरांत तो बहुधा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) असतो. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेला फर्ग्युसन टीई-२० आणि पुढे मुंबईतील कांदिवली येथे बनलेला इंटरनॅशनल बी-२७५ ही अशा जुन्या ट्रॅक्टरांची परिचित उदाहरणे होत.

डिझेल इंजिन पूर्ण भाराखाली चालत असताना बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान साधारणतः ४०० ते ६००° से. असते, पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात ते याहून अधिक असू शकते. मॅनिफोल्डचा बाह्य पृष्ठभाग वायूंपेक्षा काहीसा कमी तापतो. भार नसताना मंद गतीने चालणाऱ्या डिझेल इंजिनाचे तापमान मात्र बरेच कमी राहते. रंगाची निवड नांगरणीसारख्या जड कामातील तापमान गृहीत धरून करावी लागते.

साधा रंग का टिकत नाही

कोणत्याही रंगात बंधक (रेझीन), रंगद्रव्य आणि द्रावक हे तीन मुख्य घटक असतात. साध्या तैलरंगातील अल्किड बंधक कार्बनी साखळ्यांचा बनलेला असतो. १०० ते १५०° से.च्या पुढे तो पिवळा पडू लागतो, पुढे फुगतो, काळवंडतो आणि जळून सुटतो. उष्णतासह रंगात सिलिकॉन रेझीन वापरतात. त्याचा कणा सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या आलटून-पालटून येणाऱ्या अणूंचा असतो. हा बंध कार्बन-कार्बन बंधापेक्षा बळकट असल्याने तो सहज तुटत नाही. सिलिकॉन संयुगांवरील पायाभूत संशोधन विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे फ्रेडरिक किपिंग यांनी केले.

तापमान फार वाढल्यावर सिलिकॉन रेझीनमधील कार्बनी भागही जळतो. मात्र मागे उरणारा सिलिकायुक्त थर रंगद्रव्याला धातूशी धरून ठेवतो.

रंगद्रव्याचे महत्त्व

बंधकाइतकेच रंगद्रव्यही उष्णतेत टिकावे लागते. ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांचा रुपेरी रंग सर्वाधिक वापरात आहे. हा धातू ६६०° से.ला वितळतो. तांबडे लोह ऑक्साइड उष्णतेत स्थिर राहते. पिवळे लोह ऑक्साइड मात्र सुमारे २००° से.च्या आसपास आपल्यातील पाणी गमावून तांबडे होऊ लागते. साधी काजळी उच्च तापमानात हवेत जळून जाते, म्हणून चांगल्या काळ्या उष्णतासह रंगात धातूंची मिश्र ऑक्साइडे वापरतात. जस्त सुमारे ४१९° से.ला वितळते, त्यामुळे गंजापासून संरक्षण म्हणून विकले जाणारे जस्तयुक्त फवारे मॅनिफोल्डसाठी योग्य नाहीत.

निवड

- साधा इंजिन एनॅमल: सिलिंडर ब्लॉक, तेलाचे पात्र अशा भागांसाठी ठीक, मॅनिफोल्डसाठी अयोग्य.
- सिलिकॉन-अल्किड मिश्र रंग: सुमारे २००° से.पर्यंत उपयुक्त, मॅनिफोल्डवर अल्पकाळच टिकतो.
- शुद्ध सिलिकॉन व ॲल्युमिनियम रंग: सुमारे ६००° से.पर्यंत टिकतो, डिझेल ट्रॅक्टरच्या मॅनिफोल्डसाठी सर्वसाधारणपणे योग्य.
- काच-एनॅमल: भट्टीत भाजून बसवावा लागतो, टिकाऊ, पण खर्चिक आणि आघाताने टवके उडणारा.

भारतीय मानक आयएस १३१८३ मध्ये उष्णतासह ॲल्युमिनियम रंगांचे ६००°, ४००° आणि २००° से. अशा तापमानांनुसार तीन वर्ग केले आहेत. डब्यावर केवळ 'हीट रेझिस्टंट' असे शब्द असणे पुरेसे नाही. तापमानाचा आकडा आणि तो सततच्या तापमानाचा आहे की क्षणिक कमाल तापमानाचा, हे पाहणे आवश्यक असते. आकडा फॅरनहाइटमध्ये असल्यास तो मोठा भासतो: ५००° फॅ. म्हणजे केवळ २६०° से.

पृष्ठभागाची तयारी

रंग लवकर सुटण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे अपुरी साफसफाई. मॅनिफोल्डवरील गंज, जुना रंग आणि तेलकटपणा पूर्णपणे काढावा लागतो. शक्य असल्यास भाग खोलून ग्रिट ब्लास्टिंग करतात. अन्यथा तारेचा ब्रश व काचकागद वापरून शेवटी थिनरने पुसतात. साधा रेड ऑक्साइड प्रायमर आणि लांबी (पुट्टी) येथे वापरत नाहीत, कारण खालचा थर जळाला की वरचा उत्तम रंगही त्याच्यासह निघून येतो.

रंग देणे व पक्व करणे

हा रंग पातळच द्यावा लागतो. एक हात सुमारे २० ते २५ मायक्रॉन जाडीचा, असे दोन हात सहसा पुरतात. ४०० मिलिमीटर लांबीचे बीड ४००° से.ने तापल्यास सुमारे १.७ मिलिमीटरने प्रसरण पावते. जाड थर या हालचालीत तडकतो, शिवाय आत अडकलेल्या द्रावकामुळे त्यावर फोड येतात.

हवेत सुकलेला सिलिकॉन रंग हाताला कोरडा लागला तरी पक्व झालेला नसतो. बहुतेक रंगांना सुमारे २००° से. तापमानात तासभर राहणे आवश्यक असते. भाग इंजिनावर असल्यास ते प्रथम काही मिनिटे मंद गतीने चालवून थंड होऊ देतात, पुढच्या वेळी अधिक काळ चालवतात आणि शेवटी हलका भार देतात. केवळ मंद गतीने चालवल्यास पुरेसे तापमान येईलच असे नाही. या वेळी धूर व उग्र वास येतो. म्हणून हे काम उघड्यावर करतात. नेमकी पद्धत उत्पादकाच्या सूचनेनुसार ठरते.

मर्यादा आणि सुरक्षितता

रंगामुळे गंज मंदावतो व रूप सुधारते; मॅनिफोल्डची चीर किंवा निकामी गॅस्केट दुरुस्त होत नाही. सांध्यापाशी काजळीचे डाग दिसल्यास गळती शोधणे रंगकामाआधी आवश्यक असते, कारण बंदिस्त शेडमध्ये गळणाऱ्या वायूंतील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरू शकतो. रंगवलेला मॅनिफोल्डही पूर्वीइतकाच तापतो. त्यावर साचलेला कोरडा भुसा किंवा उसाचे पाचट पेट घेऊ शकते आणि स्पर्शाने गंभीर भाजते.

जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने तो कोरडा घासणे टाळतात. साफसफाईसाठी वाळूचा झोत वापरल्यास सिलिकाच्या धुळीमुळे सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य विकार होऊ शकतो. म्हणून वाळूऐवजी अन्य कण आणि योग्य श्वसनसंरक्षक वापरणे आवश्यक मानले जाते.

हे सुद्धा पहा

- गंज
- डिझेल इंजिन
- सिलिकॉन
- ट्रॅक्टर