टॉलेमीवरच्या शंका कोपर्निकसपर्यंत कशा पोचल्या?

इब्न अल-हैथम (सुमारे 965–1040) युरोपला ओळखीचा झाला तो प्रकाशशास्त्रामुळे. त्याचा ‘किताब अल-मनाझिर’ 1200च्या सुमारास लॅटिनमध्ये गेला आणि 1572मध्ये बाझेलला छापूनही निघाला. त्याचे दुसरे, लहानसे पुस्तक मात्र अरबीतच राहिले. ‘अल-शुकूक अला बतलमयूस’, म्हणजे ग्रीक ज्योतिर्विद टॉलेमीविषयीच्या शंका.

त्याच्या प्रस्तावनेत तो बजावतो की, सत्य शोधणाऱ्याने जुन्या ग्रंथकारांचे विरोधक होऊन त्यांना वाचावे आणि झडती घेताना स्वतःलाही सोडू नये. हे वचन हल्ली भाषणांतून बरेच फिरते. त्यापुढे तो प्रत्यक्षात काय करतो, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. तो टॉलेमीचे एकेक कलम घेऊन बसतो. टॉलेमीच्या रचनेत पृथ्वी ग्रहाच्या वर्तुळाच्या केंद्रापासून थोडी बाजूला असते. आणि ग्रहाची गती एकसारखी दिसते ती पृथ्वीवरूनही नव्हे, केंद्रावरूनही नव्हे, तर केंद्राच्या पलीकडे तितक्याच अंतरावर कल्पिलेल्या तिसऱ्याच बिंदूवरून. गणित बरोबर येते. पण खराखुरा गोल स्वतःच्या केंद्राबाहेरच्या बिंदूभोवती समगतीने फिरेल कसा? अशी गती अशक्य आहे, आणि टॉलेमीने ती जाणूनबुजून स्वीकारली, असा इब्न अल-हैथमचा ठपका आहे. पर्यायी रचना त्याने या पुस्तकात दिली नाही.

ती दिली पुढच्यांनी. मंगोल हुलागूने 1258मध्ये बगदाद बुडवले आणि दुसऱ्याच वर्षी त्याच्याच आश्रयाने मराघ्याची वेधशाळा उभी राहू लागली. तिचा प्रमुख नसीरुद्दीन तूसी. तूसीने 1261च्या ‘तझकिरा’त एक युक्ती मांडली : मोठ्या वर्तुळाच्या आत निम्म्या व्यासाचे वर्तुळ लोळत गेले, तर त्याच्या परिघावरचा बिंदू सरळ रेषेत पुढेमागे सरकतो. वर्तुळांतून सरळ रेषा निघाली आणि तो तिसरा बिंदू टाळण्याची वाट सापडली.

दमास्कसच्या उमय्यद मशिदीत नमाजाच्या वेळा काढणारा इब्न अल-शातिर (मृत्यू 1375) चंद्राकडे वळला. टॉलेमीचे चंद्रगणित खरे धरले, तर चंद्राचे अंतर सुमारे 64 पृथ्वीत्रिज्यांवरून 33वर येते. म्हणजे अर्धचंद्र कधीकधी पौर्णिमेच्या जवळजवळ दुप्पट रुंद दिसायला हवा. तसा तो दिसत नाही, हे कळायला दुर्बीण लागत नाही. इब्न अल-शातिरने पृथ्वी मध्येच ठेवून ही गफलत काढली.

1957मध्ये व्हिक्टर रॉबर्ट्स यांनी दाखवून दिले की, कोपर्निकसची चंद्ररचना भूमितीच्या दृष्टीने इब्न अल-शातिरचीच आहे. तूसीची जोडवर्तुळेही कोपर्निकसच्या 1543च्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात आहेत. 1973मध्ये विली हार्टनर यांनी तूसी आणि कोपर्निकस यांच्या आकृत्यांतली अक्षरे ताडून पाहिली. अलिफच्या जागी ए, बेच्या जागी बी, दालच्या जागी डी. मात्र तूसीच्या झेच्या जागी कोपर्निकसकडे एफ आहे, आणि हस्तलिखितात झे आणि फे यांची गल्लत होऊ शकते, असे काही अभ्यासक म्हणतात. मला अक्षरांचा पुरावा लंगडा वाटतो. भूमितीत पहिली चार-पाच अक्षरे जवळपास ठरलेलीच असतात. चंद्राच्या रचनेचे तसे नाही. तीच मांडणी इब्न अल-शातिर आणि कोपर्निकस यांना स्वतंत्रपणे सुचली, हे मला पटायला जड जाते. काही अभ्यासकांना ते पटते.

कोपर्निकस आपल्या ग्रंथात बत्तानी, झर्काली, इब्न रुश्द यांची नावे घेतो. तूसी आणि इब्न अल-शातिर यांची घेत नाही. तेव्हा ज्ञान नेणारा माणूस शोधावा लागतो. इस्तंबूलच्या दरबाराशी संबंध असलेला ज्यू विद्वान मोशे गालेआनो याच्या हिब्रू लेखनात इब्न अल-शातिरच्या रचनांचा उल्लेख येतो, आणि 1500च्या आसपास तो व्हेनिसच्या मुलखात होता. कोपर्निकस 1501 ते 1503 पादुआत वैद्यक शिकत होता, आणि पादुआ व्हेनिसच्याच अमलाखाली होते. दोघे भेटल्याचा कागद नाही.