माझासचे सुरेल अभ्यासपाठ

इ. स. १७९५ मध्ये पॅरिस येथे कॉन्झर्व्हेटवार हे संगीतविद्यालय स्थापन झाले आणि अनेक विद्यार्थ्यांना एकाच क्रमाने व्हायोलिन शिकविणे आवश्यक झाले. बायो, रोद व क्रॉयट्झर यांचा १८०३ मधील पद्धतिग्रंथ हे या गरजेचेच फळ होय. परंतु आधी बोटे तयार करावीत आणि संगीत मागाहून, अशी फारकत अशा क्रमात सहज शिरते. बायोचा शिष्य जाक फेरेओल माझास (१७८२-१८४९) याच्या पाठांत ती आढळत नाही. आपल्या ३६ व्या कृतीतील ७५ पाठांना त्याने 'सुरेल व क्रमवर्धी' असे नाव दिले. त्यांच्या तीन भागांत अनुक्रमे ३०, २७ व १८ पाठ असून पहिल्या भागातील पाठ गजाची विभागणी, स्वराची स्थिरता असा एकेक विषय घेतात. येथे सुरावट हा केवळ अलंकार नव्हे. निव्वळ कसरतीत गज मध्येच संपला तरी दोष झाकला जातो. गाण्याच्या ओळीत मात्र तो अवेळी तुटलेल्या श्वासासारखा तत्काळ ऐकू येतो. शिक्षक जवळ नसतानाही विद्यार्थ्याचा कान हाच त्याचा परीक्षक होतो. तंत्र ही संगीताआधी मिळवावयाची वस्तू नसून ते संगीतातच घडते, हे दाखविण्यातच या पाठांचे ऐतिहासिक महत्त्व आहे.