गोफर, फोनबुक आणि जिल्ह्याचं बदललेलं नाव

मंडळी, या वीकेंडला जरा जुनी गोष्ट. निमित्त मात्र घरचंच आहे.

२०२३ साली आमचा उस्मानाबाद जिल्हा अधिकृतपणे धाराशिव झाला. मी कामावर ज्या संस्थेची एलडीएपी डिरेक्टरी सांभाळतो, तिच्यात माणसं जिल्ह्यांप्रमाणे लावलेली आहेत. म्हटलं, एका नोंदीचं नाव तर बदलायचंय, पाच मिनिटांचं काम! शुक्रवारी संध्याकाळी बदललं आणि त्या जिल्ह्याखालच्या सगळ्यांचं लॉगिन बंद. चूक सर्वस्वी माझी. रात्रभर जागून निस्तरली. नंतर 'असं का झालं' हे शोधत मागे मागे गेलो, तो थेट नव्वदच्या दशकात मिशिगन विद्यापीठाने लिहिलेल्या मूळ एलडीएपीच्या कोडपाशी पोचलो. तिथे एक छोटासा प्रोग्रॅम सापडला. नाव 'गो५००जीडब्ल्यू'. गोफर आणि एक्स.५०० या दोघांमधला गेटवे.

आता हे दोघे कोण?

गोफर १९९१ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मार्क मॅकाहिल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बनवला. वेबच्या आधी लोकांच्या हातात पडलेलं इंटरनेट म्हणजे बऱ्याच अंशी हेच. सगळा कारभार मेनूचा. पोर्ट ७० ला जोडायचं, एक ओळ पाठवायची, उत्तरात मेनू येतो आणि कनेक्शन तुटतं. सर्व्हर तुम्हाला लगेच विसरतो. मेनूच्या प्रत्येक ओळीत आधी एक खुणेचं अक्षर (० म्हणजे मजकूर, १ म्हणजे पुढचा मेनू, ७ म्हणजे शोध), मग वाचणाऱ्याला दिसणारं नाव, मग 'सिलेक्टर', म्हणजे सर्व्हरला परत पाठवायची खूण, आणि शेवटी मशीनचं नाव व पोर्ट. दिसणारं नाव वेगळं, खूण वेगळी. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एक्स.५०० हे त्याच्या अगदी उलट प्रकरण. १९८८ सालचं आंतरराष्ट्रीय मानक. स्वप्न असं की सगळ्या जगाची मिळून एकच डिरेक्टरी असावी. रचना झाडासारखी: देश, त्याखाली संस्था किंवा ठिकाण, त्याखाली विभाग, शेवटी माणूस. आपण पाकिटावर पत्ता लिहितो ना, माणूस, गाव, तालुका, जिल्हा, राज्य, तसंच तिथे माणसाचं पूर्ण नाव. म्हणजे नाव हाच पत्ता! पण त्याच्याशी बोलायचं तर ओएसआयचा अख्खा डोलारा लागायचा. त्या काळच्या साध्या पीसीला तो झेपणारा नव्हता.

मिशिगनमध्ये टिम हाऊज आणि मंडळींनी यावर आधी १९९१ मध्ये डिक्सी नावाचा हलका प्रोटोकॉल केला. मग १९९३ मध्ये हाऊज, वेंग्यिक येओंग आणि स्टीव्ह किल यांच्या नावाने एलडीएपी आला. त्याच्याच जोडीला हा गेटवे, कारण गोफर तेव्हा विद्यापीठांमध्ये घरोघरी पोचला होता. त्याच मेनूतून फोनबुक दिसलं तर वेगळं सॉफ्टवेअर कुणी कशाला बसवेल?

गेटवेचं काम म्हणजे दुभाष्याचं. गोफरकडून एक सिलेक्टर येतो. गेटवे त्याचा एलडीएपीचा प्रश्न करतो, उत्तरात आलेल्या नोंदींच्या मेनूच्या ओळी करून देतो आणि कनेक्शन तोडतो. नाव टाइप करून शोधलं तर आधी तंतोतंत जुळणारं बघायचं, नाही मिळालं तर उच्चाराने जवळचं. बाबा सांगतात की पूर्वी १९७ ला फोन करून नाव सांगितलं की पलीकडची बाई नंबर काढून द्यायची. आपल्याला जाडजूड डिरेक्टरी चाळावी लागायची नाही. ती बाईसुद्धा गेटवेच :)

पण खरी मेख इथेच आहे. गोफर प्रत्येक वेळी सगळं विसरणारा. मग 'मी झाडावर कुठे उभा होतो' हे गेटवेने ठेवायचं कुठे? सिलेक्टरमध्ये. म्हणजे त्या खुणेत एक्स.५०० चं ते लांबलचक नाव कोंबलेलं. गोफरने नाव आणि खूण वेगळी ठेवायची सोय केली होती, पण इथे खूण म्हणजे पुन्हा नावच झालं. मधल्या एका फांदीचं नाव बदला, की खालच्या सगळ्यांचे जपून ठेवलेले दुवे मेले. १९९३ च्या एलडीएपीत तर नावाचा फक्त शेवटचा घटक बदलायची सोय होती. पूर्ण जागा बदलण्याची सोय १९९७ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत आली. माझ्या शुक्रवारी नेमकं हेच झालं. आमच्या एका जुन्या अॅप्लिकेशनने प्रत्येकाचं पूर्ण नाव स्वतःकडे लिहून ठेवलं होतं, त्यात जिल्हा 'उस्मानाबाद'.

गोफरचं पुढे काय झालं ते माहीत असेलच. १९९३ मध्ये मिनेसोटाने व्यावसायिक वापरासाठी पैसे मागायचं ठरवलं. त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्नने वेब सगळ्यांना मोफत खुलं केलं. लोक तिकडे वळले. आपल्याकडे विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट आणलं १५ ऑगस्ट १९९५ ला, तोवर गोफरची सद्दी संपत आली होती. जगाची एकच डिरेक्टरी हे स्वप्नही राहून गेलं. टिकला तो मधला हलका दुवा, एलडीएपी. १९९८ पासून मिशिगनचाच कोड ओपनएलडीएपीने पुढे नेला, आणि आज असंख्य ऑफिसांमधलं लॉगिन याच प्रोटोकॉलवर चालतं.

नावाच्या दुखण्यावर औषधही निघालं. २००६ मध्ये प्रत्येक नोंदीला कायमचा ओळख क्रमांक देण्याचं मानक आलं. नाव बदलो, फांदी बदलो, क्रमांक तोच. मी आता त्या अॅप्लिकेशनमध्ये नावाऐवजी हा क्रमांक साठवतो. दहा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं, पण तेव्हा मी शाळेत होतो.

माझ्या जन्मदाखल्यावर उस्मानाबाद आहे, नव्या कागदांवर धाराशिव. गाव तेच, घर तेच, मीही तोच. पाटी काळाप्रमाणे बदलणारच, बदलावीही. फक्त माणूस शोधायची खूण त्या पाटीवर टांगून ठेवू नये. आणि हो, शुक्रवारी संध्याकाळी डिरेक्टरीला हात लावू नये!