हुंडी, दफ्तर आणि टपाल : मराठीच्या पोटापाण्याची गोष्ट

आपल्या मंडळाच्या सभासदांची यादी सहज चाळून पाहा. चिटणीस, फडणीस, पोतनीस, पारसनीस, जमेनीस, मुजुमदार, दफ्तरदार अशी आडनावे पानोपानी भेटतील. आमंत्रणाच्या पाकिटांवर आपण ती दरवर्षी लिहितो, पण ही आडनावे म्हणजे एकेकाळच्या नोकऱ्या आहेत हे सहसा मनात येत नाही. 'नवीस' म्हणजे फारसीत लिहिणारा. चिटणीस पत्रे लिही, जमेनीस जमेचा हिशेब लिही, पोतनीस खजिन्याचा. मुजुमदार एकूण हिशेब तपाशी. आणि पारसनीस? तो दरबाराचा फारसी पत्रव्यवहार सांभाळी. आलेला फारसी कागद वाचून मराठीत समजावणे आणि मराठीतला मजकूर फारसीत पाठवणे, हे त्याचे काम. आजच्या भाषेत तो अनुवादक.

आपले पूर्वज बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद या गावी आले, त्यांतले पुष्कळ तलवार घेऊन आले हे खरे. पण तितकेच लोक दौत-लेखणी आणि रुमालात बांधलेले दफ्तर घेऊन आले. महाराष्ट्राबाहेर मराठी टिकली ती कीर्तनाने, नाटकाने आणि गणेशोत्सवाने, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या यादीत एक नाव राहून जाते, ते हिशेबाच्या वहीचे. यंदाच्या स्मरणिकेत आम्ही त्या वहीविषयी लिहायचे ठरवले आहे.

पैशाची भाषा आणि पहिला कोश

दख्खनच्या सुलतानी राजवटींत दरबारी भाषा फारसी होती. त्यामुळे पैशाचे जवळजवळ सगळे शब्द तिकडून आले. जमा, खर्च, बाकी, वसूल, हिशेब, हप्ता, दाखला, तारीख : यांतला एकही शब्द आज आपल्याला परका वाटत नाही. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर या भाषेकडे लक्ष दिले. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे काम सोपवून 'राज्यव्यवहारकोश' तयार करवून घेतला. त्यात सुमारे चौदाशे दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. कोशाचे वर्गच पाहा : राजवर्ग, दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, तसाच लेखनवर्ग आणि व्यापारी मालाचा पण्यवर्ग. किल्ल्याइतकाच दफ्तराचा आणि बाजारपेठेचा विचार त्यात होता.

मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. पदांची नावे बदलली, पण बाजाराने आपले शब्द सोडले नाहीत. गंमत अशी की अमात्य आणि सुमंत ही पदे इतिहासात राहिली आणि मुजुमदार व डबीर ही आडनावे होऊन आपल्या घरांत राहिली.

काही शब्दांचा प्रवास तर चकवणारा आहे. पेशवेकालीन कागदात 'अमक्यावर वरात दिली' असे वाचले, तर कोणाचे लग्न निघाले असे समजू नये. ती वरात म्हणजे अमक्या महालाच्या वसुलातून अमक्याला इतकी रक्कम द्यावी असा लेखी हुकूम. 'पगार' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. 'पावती' मात्र घरचीच : पैसे पावले, म्हणून पावती.

हुंडीचा कागद

पैसा एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचा तर वाटेत चोर, नदीनाले आणि ओझे. म्हणून सावकारांनी हुंडी काढली. बडोद्याच्या पेढीवर रोकड भरावी, हुंडी घ्यावी, ती पुण्याला पाठवावी आणि तिथल्या आडत्याकडून रुपये घ्यावेत. दाखवताच पैसे मिळायचे ती दर्शनी हुंडी, ठरावीक दिवसांनी मिळायचे ती मुदती. धन्यालाच पैसे द्यायचे ती धनीजोग आणि बाजारातल्या पतवाल्या माणसालाच द्यायचे ती शहाजोग. या कामाची जी वटणावळ लागे, ती हुंडणावळ. हुंडी सकारली म्हणजे मान्य केली, नकारली म्हणजे परत फिरवली. वाटेत हरवली तर दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. आज आपण 'चेक वटला' म्हणतो, ते वटणेही याच पेढ्यांवरचे.

आकड्यात फेरफार होऊ नये म्हणून हुंडीत रक्कम अनेक तऱ्हांनी लिहीत. आधी अंकी, मग अक्षरी, आणि शिवाय निम्मी रक्कम सांगून तिची दुप्पट. म्हणजे हजार रुपयांच्या हुंडीत 'निमे पाचशे, त्याचे दुप्पट हजार' असे येई. एक शून्य वाढवणाऱ्याला तीन ठिकाणी खोटे बोलावे लागे. सरकारी पत्रांतही मजकूर संपताच 'लेखनसीमा'ची मुद्रा उठवीत, कारण तिच्याखाली कोणी एक ओळही वाढवू नये. चेकवर आपण आज 'अक्षरी रुपये' लिहून पुढे 'मात्र' जोडतो, तो त्याच शहाणपणाचा वारसा.

गुजरातेत राहणाऱ्या आपल्याला नरसी मेहत्याच्या हुंडीची कथा निराळी सांगायला नको. द्वारकेच्या सावळशा शेठजींच्या नावे भक्ताने हुंडी लिहिली आणि देवाने ती सकारली. महिपतींनी 'भक्तविजया'त नरसी मेहत्याचे चरित्र गायले आणि ते मराठी कीर्तनातही रुळले. श्रोत्यांना हुंडी ठाऊक होती, म्हणूनच देवाची पत किती मोठी हे एका वाक्यात कळले.

इंग्रजी कायद्यानेही या कागदाचा मान राखला. १८८१ साली चेक, हुंड्या वगैरेंचा कायदा झाला. त्याच्या पहिल्याच कलमात असे म्हटले आहे की देशी भाषेत लिहिलेल्या अशा कागदांबाबत स्थानिक रूढी असेल, तर या कायद्याने तिला बाध येत नाही. म्हणजे मोडीत वा गुजरातीत लिहिलेली हुंडी आपल्याच रिवाजाने चालू शकत होती.

बडोद्याचे त्रैभाषिक देणेघेणे

आपल्या बडोद्यात हा कारभार फार गुंतागुंतीचा होता. गायकवाडी दफ्तर मोडी मराठीत, पेढ्यांच्या वह्या गुजरातीत आणि रेसिडेन्सीचे कागद इंग्रजीत. राज्याला लागणारी रक्कम पोतेदार पेढ्या पुरवीत. हरिभक्ती, सामळ बेचर या गुजराती पेढ्या आणि गोपाळराव मैराळ ही मराठी पेढी यांची नावे आजही जुन्या बडोदेकरांच्या तोंडी आहेत. १८०२ नंतर शिबंदीचा थकलेला पगार फेडण्यासाठी कर्जे काढावी लागली, तेव्हा सावकारांनी कंपनी सरकारची हमी मागितली. या हमीला 'बाहांदारी' म्हणत. तिच्यामुळे सावकाराला भरवसा मिळाला, पण त्याच दोरीने रेसिडेंटाचा हात राज्याच्या कारभारात शिरला. कर्जाच्या कागदातल्या एका शब्दाला किती वजन असते ते यावरून कळते.

त्यात नाणी निरनिराळी. बडोद्याचा बाबाशाही रुपया, हैदराबादचा हाली सिक्का, दक्षिणेत चांदवडी, अंकुशी आणि शिवाय कंपनीचा रुपया. एका रुपयाचा दुसऱ्या रुपयात हिशेब करताना बट्टा लागे. तारखांचाही असाच गुंता : शके, फसली, हिजरी, इसवी आणि मराठी दफ्तराचे खास सुहूर सन. 'समान खमसैन मया व अलफ' असे वाचले तर आठ, पन्नास, शंभर आणि हजार मिळून ११५८ होतात. त्यात ५९९ मिळवले की इसवी १७५७ येते. हे वर्ष मृगाला सुरू होई, म्हणून तो कागद १७५७-५८ सालचा. जुना कागद उलगडणाऱ्याला नुसती लिपी येऊन भागत नाही, पंचांग आणि सराफकट्टा दोन्ही यावे लागतात.

सयाजीराव महाराजांना ही अडचण पुरती ठाऊक होती. राज्यकर्ते मराठी, रयत गुजराती आणि कायद्याची परिभाषा इंग्रजी. त्यांच्या कारकिर्दीत १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' प्रसिद्ध झाला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी आणि बंगाली प्रतिशब्द देणारा हा कोश. शिवछत्रपतींच्या कोशानंतर अडीचशे वर्षांनी दुसऱ्या एका मराठी राजाने तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला, आणि तो आपल्या गावात घेतला, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

टपालाची वाट

कागद लिहून झाला की तो पोचवायचा. सरकारी जासूद आणि सांडणीस्वार होतेच, पण सावकारांची टपाल अनेकदा त्यांच्याही पुढे धावे. १७६१च्या जानेवारीत नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते. पानिपतची वार्ता त्यांना वाटेत भेलशाच्या बाजूला कळली, ती एका सावकारी पत्रातून. दोन मोती गेले, मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही, अशा आशयाचा तो मजकूर प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. मराठ्यांच्या इतिहासातली सर्वांत दुःखद बातमी अशी नफ्यातोट्याच्या भाषेत आली.

१८५४ पासून इंग्रजी टपालाने देशभर वजनाप्रमाणे एकच दर ठेवला, मग अंतर कितीही असो. नोटा टपालाने पाठवताना लोक त्या मधोमध कापून अर्धा भाग एका पत्रात आणि उरलेला दुसऱ्या पत्रात घालीत. एक पाकीट चोरीला गेले तरी चोराच्या हाती पैसे लागू नयेत, ही युक्ती. १८८० साली टपाल खात्याने मनिऑर्डर सुरू केली आणि सामान्य माणसाची हुंडी पोस्टमनच्या पिशवीत आली. मुंबईच्या गिरणीतून कोकणात जाणाऱ्या मनिऑर्डरींवर किती चुली पेटल्या त्याला गणती नाही. फॉर्मच्या खालच्या चिठोऱ्यावर दोन ओळी लिहायची सोय असे. पैशाबरोबर खुशाली पोचे.

संस्थानांच्या टपालाने मराठीला आणि देवनागरीला मानाची जागा दिली. १८७१च्या सुमाराला निघालेल्या निजामाच्या तिकिटावर फारसी, इंग्रजी आणि तेलुगूच्या जोडीला मराठीतही किंमत छापलेली आहे. पुढे हैदराबादच्या नोटांवरही उर्दू, तेलुगू आणि कानडीबरोबर मराठी होती, कारण मराठवाड्याची रयत ती वाचणार होती. ग्वाल्हेरने १८८५ पासून इंग्रजी टपालाची तिकिटे 'ग्वालिअर' अशी देवनागरी अक्षरे उमटवून वापरली. इंदूरच्या होळकरांनी १८८६ मध्ये स्वतःचे तिकीट काढले.

या साखळीचे शेवटचे मोठे नाव आपल्याच माणसाचे आहे. देशात एकाच नावाची अनेक गावे, पत्ते निरनिराळ्या भाषांत आणि लिप्यांत, त्यामुळे पत्रे भलतीकडे जात. टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी त्यावर सहा आकडी पिनकोड बसवला. तो १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. वेलणकर संस्कृतचे नामवंत कवी होते. भाषा जाणणाऱ्या माणसाने पत्त्याला अशी भाषा दिली, जी कोणत्याही प्रांताच्या पोस्टमनला वाचता येते.

पेटीतले कागद

आता थोडे आपल्या घराकडे वळू. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतून गेली. आजोबांना मोडी येत होती, वडिलांना ओळखू येत होती, आपल्याला ती नुसती वळणदार रेघ दिसते. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या किती घरांत अजून लाल रुमालात बांधलेले कागद असतील! त्यांत घराचे खरेदीखत असेल, गहाणखत असेल, इनामाची सनद असेल, नाहीतर आजीच्या लग्नाचा साधा जमाखर्च असेल. वाडा पाडून फ्लॅट होतो तेव्हा ही पेटी पहिल्यांदा रद्दीत जाते. आपण जो कागद कचरा म्हणून टाकतो, त्यात त्या काळी तुपाचा भाव काय होता, देणे कोणाचे होते आणि आपण या गावी कोणत्या साली आलो, हे लिहिलेले असते.

रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई आयुष्याची कितीतरी वर्षे याच बडोद्यात महाराजांच्या नोकरीत होते. निवृत्तीनंतर त्यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादले. मोडी रुमाल सोडून, वाचून, बाळबोधीत आणून. त्या रुमालांतले पुष्कळ कागद कारकुनांनी लिहिलेले साधे हिशेब आणि पत्रेच होती. ती कोणी फेकली नाहीत, म्हणून इतिहास लिहिता आला.

म्हणून आमची सभासदांना विनंती आहे. घरात मोडी कागद असतील तर ते आधी जपा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, ओलीपासून आणि वाळवीपासून दूर ठेवा, घडीवर फाटत असतील तर ओढून उलगडू नका. प्रत्येक कागदाचे स्वच्छ उजेडात छायाचित्र घ्या. मोडी वाचणारे लोक थोडे असले तरी अजून आहेत आणि नवे शिकणारेही तयार होत आहेत. बाराखडी एका महिन्यात हाताखाली येते. हिशेबाचे कागद तर नवशिक्याला सोपे, कारण तेच ते शब्द आणि आकडे पुन्हा पुन्हा येतात.

सणाची मराठी आपल्याकडे भरपूर आहे, आरत्या पाठ आहेत, मोदकही चुकत नाहीत. पण ज्या भाषेत सणच उरतात आणि व्यवहार उरत नाही, ती पाहुण्यासारखी होते, वर्षातून एकदा येणारी. बँकेचे काम गुजरातीत वा इंग्रजीत होणार, ते आपण बदलू शकत नाही. एक वही मात्र आपल्या हातात आहे. या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर मंडळाचा गेल्या वर्षाचा जमाखर्च नेहमीप्रमाणे मराठीत छापला आहे : जमा, खर्च, शिल्लक. बहुतेक जण ती पाने उलटून पुढे जातात. यंदा ती वाचावीत, मुलांना वाचून दाखवावीत, आणि आकडा कुठे चुकला असेल तर खजिनदारांना अवश्य विचारावे.